लीग जरूर काढा, पण विभाग मोडू नका

संपादक महाशय,

विद्यापीठांच्या क्रीडा स्पर्धांची आयपीएलच्या धर्तीवर लीग काढावी, तिचे प्रक्षेपण हक्क विकावेत आणि त्यासाठी अमेरिकेचा कित्ता गिरवावा, असं सुचवणारा लेख आपल्या क्रीडा पानावर वाचला. त्यातले पैशांचे आकडे बरोबर आहेत. ऑगस्ट 2022 मध्ये 'बिग टेन' कॉन्फरन्सने (विद्यापीठांच्या एका गटाने) फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही कंपन्यांशी सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला, हे खरंच आहे. पण हा पैसा ज्यांच्या ताटातून गेला, त्यांचा लेखात उल्लेखही नाही. मी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या कृषी शाखेचा माजी विद्यार्थी. गेली बरीच वर्षं सिअ‍ॅटलजवळ राहतो. आमचं विद्यापीठ त्यांच्यातलंच, म्हणून हे पत्र.

कॉन्फरन्स म्हणजे मुळात शेजारपाजारच्या विद्यापीठांनी आपसात खेळण्यासाठी केलेला गट. आपल्याकडच्या पश्चिम विभाग, दक्षिण विभाग यांच्यासारखाच, फक्त इथं गटाचे सभासद आपणहून येतात आणि आपणहून जाऊ शकतात. कॉलेज फुटबॉलच्या (म्हणजे अंडाकृती चेंडूच्या, अमेरिकन) प्रक्षेपणावर 1984 पर्यंत एनसीएए या राष्ट्रीय संघटनेचा ताबा होता. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. मग कॉन्फरन्सेस स्वतःचे हक्क विकू लागल्या आणि शेजार मागे पडून टीव्हीसमोर बसणारी घरं मोजली जाऊ लागली. 2014 मध्ये मध्य-पश्चिमेतल्या बिग टेनने मेरीलँड आणि न्यू जर्सीतलं रटगर्स ही विद्यापीठं घेतली. रटगर्सचा फुटबॉल संघ काही फार मोठा नव्हता. न्यूयॉर्कच्या परिसरातल्या केबलच्या घरांची संख्या मात्र मोठी होती. यालाच इथं 'विस्ताराचं धोरण' म्हणतात.

आमचं कॉन्फरन्स पॅक-12, पश्चिमेकडच्या बारा विद्यापीठांचं. परंपरा 1915 पासूनची, सगळे खेळ मिळून पाचशेच्या वर राष्ट्रीय विजेतेपदं. ते बुडालं, त्यात बाहेरच्यांच्या लोभाइतकाच घरच्यांचा गाफीलपणा होता, हे मान्य करायला हवं. जुलै 2021 मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठं 'बिग 12' हे कॉन्फरन्स सोडून 'एसईसी' या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सकडे निघाली, तेव्हा बिग 12 अगदी मोडकळीला आलं होतं. तिथली चांगली विद्यापीठं आपल्याकडे ओढायची संधी पॅक-12 समोर होती. ऑगस्टमध्ये आमच्या धुरिणांनी जाहीर केलं की विस्तार करायचा नाही. पुढच्याच महिन्यात बिग 12 ने चार नवे सभासद घेतले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये, जुना करार संपायची वाट न बघता, ईएसपीएन (क्रीडा वाहिनी) आणि फॉक्सशी सहा वर्षांचा नवा करार उरकून टाकला. आम्ही तेव्हा स्वतःची किंमत ठरवत बसलो होतो. ईएसपीएनने देऊ केलेली रक्कम कमी वाटून नाकारली गेली, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. हाती शेवटी आला तो अ‍ॅपलचा इंटरनेटवरून सामने दाखवण्याचा प्रस्ताव, तोही वर्गणीदार किती मिळतील यावर बराचसा अवलंबून.

दरम्यान जून 2022 च्या शेवटच्या दिवशी यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या दोन विद्यापीठांनी बिग टेनकडे जात असल्याचं जाहीर केलं आणि लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेली. जुना प्रक्षेपण करार 2024 मध्ये संपत होता, त्यापुढे कुणालाच कुणी बांधलेलं नव्हतं. जुलै 2023 मध्ये कोलोरॅडो बाहेर पडलं. 4 ऑगस्ट 2023 या एका दिवसात ओरेगन, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा ही पाच विद्यापीठं गेली. सप्टेंबर उजाडला तसे स्टॅनफर्ड आणि बर्कली गेले, तेही कुठे, तर अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये आणि सुरुवातीची सात वर्षं पूर्ण वाट्याच्या सुमारे तीस टक्क्यांवर! बर्कलीचं झालेलं नुकसान भरून काढायला यूसीएलएने दरवर्षी एक कोटी डॉलर द्यावेत, असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाला ठरवावं लागलं. दोन्ही विद्यापीठं एकाच सरकारी व्यवस्थेतली. पैसा एका खिशातून दुसऱ्यात.

उरले दोघं, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

पुलमन हे आमच्या विद्यापीठाचं गाव गव्हाच्या टेकड्यांमध्ये वसलंय. लोकसंख्या सुमारे 33 हजार, आणि स्टेडियममधल्या जागाही जवळपास तेवढ्याच. सिअ‍ॅटलहून सामन्याला जायचं तर स्नोक्वाल्मीचा घाट ओलांडायचा, व्हँटेजला कोलंबिया नदीचा पूल पार करायचा आणि 26 नंबरच्या रस्त्याला लागायचं. पोचायला साडेचार-पाच तास. येताना विद्यापीठाच्या डेअरीतलं डबाबंद चीज घेतल्याशिवाय कुणी परतत नाही. ईएसपीएनच्या 'कॉलेज गेमडे' या शनिवार सकाळच्या कार्यक्रमात 2003 पासून प्रत्येक वेळी, कार्यक्रम देशात कुठेही असो, मागच्या गर्दीत आमचा किरमिजी झेंडा फडकत असतो. माजी विद्यार्थी तो गावोगाव एकमेकांना पाठवतात. म्हणजे झेंडा टीव्हीला चालतो. गाव मात्र बाजारपेठ म्हणून हिशेबात धरायला फार लहान.

आता ज्यांना नवी श्रीमंत घरं मिळाली त्यांचं काय चाललंय ते पाहा. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदाच खेळतो आणि खास विमानाने जातो. पण टेनिस, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, फुटबॉल (आपला, पायाने खेळायचा) यांनाही त्याच नव्या कॉन्फरन्समध्ये नेलंय. आमच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबातली मुलगी पश्चिम किनाऱ्यावरच्या अशाच एका विद्यापीठात टेनिस खेळते. शुक्रवारी पूर्व किनाऱ्यावर सामना, रविवारी तिथंच दुसरा, मग विमानतळावरच्या जमिनीवर भिंतीला टेकून लॅबचा रिपोर्ट लिहायचा आणि सोमवारी सकाळी प्रॅक्टिकलला हजर व्हायचं. तीन तासांचा वेळेचा फरक वेगळाच. तिच्या खेळासाठी टीव्हीने एक डॉलरही दिलेला नाही. त्यात जून 2025 मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांचा वाटा मिळतोय याचा आनंदच आहे. पण त्यातला बहुतेक फुटबॉल आणि बास्केटबॉलला जाणार, आणि खर्चाला कात्री लागली की ती कुठल्या खेळांना लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

गंमत म्हणजे टाकून दिलेल्या दोघांनी नाइलाजाने जे केलं तेच सगळ्यात शहाणपणाचं ठरलं. फुटबॉलचे सामने माउंटन वेस्ट या पश्चिमेतल्याच कॉन्फरन्सबरोबर ठरवले आणि बहुतेक बाकीच्या खेळांसाठी दोन वर्षं वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सचा आसरा घेतला. तिथले सगळे संघ तेव्हा एकाच प्रमाणवेळेतले. त्यातलं गोंझागा विद्यापीठ तर पुलमनपासून दीड तासावर. ओरेगन स्टेटच्या बेसबॉल संघाला 2025 मध्ये कॉन्फरन्सच नव्हतं. तरी तो थेट ओमाहाला राष्ट्रीय अंतिम फेरीत पोचला. फुटबॉलचं अर्थकारण वेगळं ठेवा आणि बाकीच्या खेळांना जवळच्या जवळ खेळू द्या, असं इथले कित्येक प्रशिक्षक आता उघड म्हणतात. ते आधी का सुचलं नाही, याचं उत्तर कुणीच देत नाही.

आमच्या दोघांना निरागस म्हणायचीही सोय राहिलेली नाही. कोर्टात जाऊन त्यांनी पॅक-12 चं नाव, तिजोरी आणि कारभार राखला. जाणाऱ्या दहा जणांना सुमारे साडेसहा कोटी डॉलरवर पाणी सोडावं लागलं. इथवर सगळं न्यायाचं. पण सासुरवास सोसलेली सूनच पुढे खाष्ट सासू होते, तसं सप्टेंबर 2024 मध्ये त्यांनी ज्या माउंटन वेस्टने सामने दिले होते त्याच कॉन्फरन्समधून बॉइसी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि युटा स्टेट 2026 च्या हंगामासाठी फोडले. सभासद फोडल्यास भरपाई देऊ, असं करारात लिहून दिलं होतं. ती साडेपाच कोटी डॉलर झाली, तेव्हा ते कलमच बेकायदा आहे म्हणून पुन्हा कोर्टात गेले. माजी विद्यार्थी म्हणून मला यात अभिमान वाटण्यासारखं काही दिसत नाही.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांचे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण हे विभाग नकाशा बघून केलेले आहेत. रेल्वेचे स्लीपरचे डबे, वसतिगृहातल्या गाद्या, वेळेवर न मिळणारा प्रवासभत्ता, यात सुधारणा व्हायला हवी यात वाद नाही, आणि टीव्हीचा पैसा त्यासाठी आला तर उत्तमच. पण प्रक्षेपणाचे हक्क सगळ्या विद्यापीठांच्या वतीने एकत्र विकले जावेत, मोठ्या चार-सहा विद्यापीठांना वेगळी चूल मांडायची मुभा नसावी आणि कबड्डी-क्रिकेटच्या करारात ज्युदो, खो-खो, अ‍ॅथलेटिक्सचे विभाग ओढले जाऊ नयेत, एवढं तरी पहिल्याच मसुद्यात लिहिलेलं असावं. नंतर लिहिता येत नाही. करार संपायला आला की जो तो आपापलं बघतो.

लेखकमहाशयांनी मुंबई, पुणे, दिल्ली, चंदीगड अशी संभाव्य संघांची नावं दिली आहेत. पुढच्या लेखात त्यांनी एवढंच सांगावं, की गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाचा खो-खोचा संघ या लीगमध्ये कुणाशी आणि कुठे खेळणार?

आपला,
एक वाचक
बॉथेल, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका