मावशींना खुले आभारपत्र: आमच्या लग्नात प्रत्येकाला जागा करून दिल्याबद्दल

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

आमच्या लग्नाला आता दोन महिने झाले. या काळात भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण सांगतो की, त्या दिवशी आपण पाहुणे म्हणून आलो आहोत असे वाटलेच नाही, हे लग्न आपणच लावतो आहोत असे वाटले. हे ऐकताना मला दर वेळी संकोच होतो, कारण श्रेय आम्हा दोघांना मिळते आणि ज्यांचे ते खरोखर आहे त्या तुम्ही मात्र चौथ्या रांगेत, मांडीवर निळी फाइल घेऊन बसला होतात. म्हणून हे आभार चारचौघांत, सर्वांना वाचता येतील असे मानते आहे.

लग्नविधी आमच्या शब्दांत आणि आमच्या माणसांच्या हातून व्हावा, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवले होते. पण माणसांच्या हातून होणे म्हणजे काय, ते मला तेव्हा उमगले नव्हते. मी कामांची यादी केली आणि प्रत्येक कामापुढे एकेक नाव लिहीत गेले. निमंत्रणपत्रिकेचे चित्र एका मैत्रिणीकडे सोपवले आणि तिने ते काढल्यावर पाच वेळा बदल सुचवले. रंग, अक्षरे, पानाची चौकट, काहीही सोडले नाही. पाचव्या निरोपानंतर तिच्याकडून उत्तर येईनासे झाले. मी तुमच्याकडे तिची तक्रार घेऊन आले, तेव्हा तुम्ही एवढेच म्हणालात, "काम दिलेस, पण त्यातला एकही निर्णय तिला दिला नाहीस." त्याच रात्री मी तिची क्षमा मागितली आणि तिचे पहिले चित्र जसेच्या तसे छापायला दिले. आज ती पत्रिका हातात घेतली की पहिल्याच चित्रात तिने आम्हाला किती नेमके ओळखले होते, ते दिसते.

त्यानंतर तुम्ही माझी यादी बाजूला ठेवून नवी सुरू केलीत, आणि तिची सुरुवात कामांपासून नव्हे तर माणसांपासून केलीत. कोणाला गर्दीसमोर उभे राहायला आवडते, कोणाला ते नकोसे होते, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला कमी ऐकू येते, दोन्ही घरांतले कोण कोणाला अद्याप भेटलेलेच नाही, हे सर्व तुम्ही विचारून घेतलेत. माझे वडील चार माणसांत बोलायला उभे राहत नाहीत. वधूपित्याने दोन शब्द बोलावेत असा आग्रह नातेवाइकांकडून होत होता, आणि खरे सांगायचे तर माझीही तीच इच्छा होती. तुम्ही त्यांना बोलायला न लावता सर्व पाकिटांवर निमंत्रितांची नावे लिहिण्याची विनंती केलीत, कारण त्यांचे अक्षर तुम्ही एकदाच, एका जुन्या वहीत पाहिले होते. ते तीन आठवडे रोज संध्याकाळी लिहीत बसत. नाव लिहिता लिहिता त्या माणसाची आठवण सांगत, आणि त्यातल्या कितीतरी गोष्टी मी आयुष्यात प्रथमच ऐकल्या.

कोणालाही विचारताना त्याला नकार देण्याची वाट मोकळी ठेवायची, हा तुमचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. समोरासमोर विचारले की माणूस भिडेपोटी हो म्हणतो, म्हणून तुम्ही मला प्रत्येकाला लिहून विचारायला लावलेत, उत्तरासाठी आठ दिवस द्यायला सांगितलेत आणि 'नुसते येऊन बसलात तरी आम्हाला तेवढाच आनंद आहे' हे वाक्य प्रत्येक पत्रात घालायला लावलेत. एका जवळच्या मैत्रिणीने त्या वाक्याचा आधार घेऊन विधीत आपले मनोगत वाचायला नकार दिला. तिचे कारण तिचे आहे आणि ते इथे सांगणार नाही, पण ते कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला. मी समोर बसून आग्रह केला असता तर ती नाही म्हणू शकली नसती.

विधीला वेळ किती लागेल, याचा हिशेबही तुम्हीच मांडलात. सावकाश वाचले तर मिनिटाला साधारण 100 शब्द होतात. तेव्हा सहा जणांनी प्रत्येकी 200 शब्द वाचले तर 12 मिनिटे, आणि प्रत्येकाने जागेवरून उठून माईकपर्यंत येण्याची एकूण 3 मिनिटे वेगळी. मी सुरुवातीला 11 जणांची वाचने ठरवली होती! उरलेल्या पाच जणांना तुम्ही कुठेही कमीपणा येऊ न देता दुसरी कामे शोधून दिलीत. आम्हा दोघांनी एकमेकांना द्यायची वचने परस्परांपासून लपवून लिहिली होती, ती तुम्ही आधी वाचलीत. एकाने पान भरून लिहावे आणि दुसऱ्याने चार ओळींत संपवावे असे होऊ नये, इतकाच तुमचा हेतू होता. मला तुम्ही फक्त "सहा ओळी कमी कर" असे सांगितलेत. त्याला काय सांगितलेत, ते आम्ही अजून एकमेकांना विचारलेले नाही.

माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला काहीतरी 'खरे' काम हवे होते, आणि मिरवण्यापुरते काम दिले तर ते त्याला लगेच कळले असते. प्रत्येक वाचकाच्या उंचीप्रमाणे माईक वरखाली करण्याचे काम तुम्ही त्याला दिलेत आणि आदल्या संध्याकाळच्या सरावात तेवढेच पुन्हा पुन्हा करून घेतलेत. त्या सरावात कोणालाही आपले मनोगत वाचू दिले नाहीत. कोण कुठून उठणार, कुठे उभे राहणार आणि कोणानंतर कोण येणार, एवढेच पक्के केलेत. मनोगते आम्ही प्रथम ऐकली ती लग्नातच, आणि ऐकताना आमचे जे झाले ते सर्वांनी पाहिले आहे.

विधी चालवणारा आमचा मित्र होता. अनेक देशांत मित्राने चालवलेल्या विधीला कायद्याने विवाह मानत नाहीत आणि काही ठिकाणी त्यासाठी आधी अधिकार मिळवावा लागतो, हे तुम्ही अगदी सुरुवातीला लक्षात आणून दिलेत. त्यामुळे नोंदणी आणि साक्षीदारांच्या सह्या आधीच पार पडल्या आणि लग्नाच्या दिवशी त्याची काळजी कोणालाच उरली नाही.

आता त्या निळ्या फाइलविषयी. माझा भाऊ दूर असल्यामुळे येऊ शकला नाही आणि त्याने आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवला होता. ऐन वेळी ते ध्वनिमुद्रण सुरूच होईना. मी डोळे मिटून घेतले होते. डोळे उघडले तेव्हा तुम्ही फाइलमधून मोठ्या अक्षरांत छापलेला कागद काढून सासूबाईंच्या हाती दिला होता, आणि त्या माझ्या भावाचे शब्द वाचत होत्या. तो मजकूर तुम्ही त्याच्याकडून महिनाभर आधीच लिहून घेतला होता, प्रत्येक वाचनाची दुसरी प्रत ठेवली होती आणि कोणी अडला तर त्याच्या जागी कोण वाचेल तेही ठरवून ठेवले होते, हे मला नंतर समजले. भावाने लहानपणी मला ज्या नावाने चिडवले, ते नाव सासूबाईंनी त्या दिवशी प्रथमच उच्चारले, आणि तेव्हापासून घरात त्या मला त्याच नावाने हाक मारतात.

तुम्ही मागितल्याप्रमाणे फाइल या पत्राबरोबर परत पाठवते आहे. तुमच्या एका भाचीचे लग्न ठरले आहे आणि तिलाही असेच काही करायचे आहे, असे कळले. माझ्याकडून दोन टिपा जोडल्या आहेत: शेवटच्या दोन रांगांना लहान मुलांचे आवाज ऐकू गेले नाहीत, आणि वाचकांसाठी पाण्याचा पेला जवळ ठेवायला हवा होता. तिला पाकिटांवर नावे लिहून हवी असतील तर माझ्या वडिलांनी स्वतःहून विचारले आहे.

तुमची भाचेसून