मॉरिस यांचा समाजवाद हा छंद नव्हता

रविवार पुरवणीतील इंग्लिश कापड-नक्षीकार आणि लेखक विल्यम मॉरिस (१८३४-१८९६) यांच्यावरील लेख आवडला. मात्र त्यांचा समाजवाद हा 'उतारवयातील छंद' असल्याचे त्यातील विधान पटले नाही.

१८८३ हे एकच वर्ष पाहावे. लंडनजवळ वँडल नदीकाठच्या मर्टन ॲबी येथील त्यांच्या कारखान्यात त्यांचे 'स्ट्रॉबेरी थीफ' हे प्रसिद्ध कापड त्या वर्षी छापले गेले. बागेतल्या स्ट्रॉबेरी चोरणारे थ्रश पक्षी त्यावर आहेत. आधी सगळे कापड निळीच्या हौदात बुडवायचे, मग लाकडी ठशांनी रंग उडवणारे द्रावण लावून हवी तेथे निळाई काढायची आणि मोकळ्या जागी तांबडा, पिवळा भरायचा. वेळखाऊ, कष्टाचे काम. मॉरिस ते लांबून पाहत नव्हते. त्याआधी इंग्लंडमधल्याच लीक गावच्या रंगशाळेत कोपरापर्यंत हात निळे करून ते रंगाई शिकले होते. १८८३ मध्येच ते डेमोक्रॅटिक फेडरेशन या समाजवादाकडे वळलेल्या संघटनेत दाखल झाले, तेही वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण होण्याआधी.

आपले कापड फक्त श्रीमंतांनाच परवडते, ही बोच त्यांना कायम होती. कामात आनंद मिळणे हा प्रत्येक कामगाराचा हक्क आहे, ही त्यांची मागणी हाताने काम केलेल्या माणसाची होती. पुढे सोशालिस्ट लीग या समाजवादी संघटनेच्या 'कॉमनवील' या पत्राचे संपादन त्यांनी केले, पदरचे पैसे घातले, रस्त्यांवर उभे राहून भाषणे दिली. एवढे सारे कोणी छंद म्हणून करत नाही. पुढील लेखात या बाजूलाही जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक, सांगली