दीड महिन्याच्या लशीला आईलाही विचारा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शेकशेगडी, डिंकाचे लाडू, हाळिवाची खीर, कानाला घट्ट रुमाल यांत आमच्या घरी काहीच उणे नव्हते. तरीही बारसे उलटल्यावरही सुनेचे रडणे थांबेना, बाळ झोपले तरी तिचा डोळा लागेना, आणि ‘माझ्याच्याने हे व्हायचे नाही’ असे ती सारखे म्हणू लागली, तेव्हा ‘आम्ही नाही का पोरे वाढवली?’ असे मीच तिला सुनावले. शेजारणींनी दृष्ट काढायला सांगितली, तीही काढली. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाईपर्यंत तीन महिने गेले होते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच डोळे भरून येणे बहुतेकींना होते आणि दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरते. त्यापुढेही उदासी टिकली, तर तो प्रसूतीपश्चात नैराश्याचा आजार असू शकतो. संप्रेरकांची अचानक होणारी घट, जागरणे, आधीचे नैराश्य, घरातील मारहाण, ‘पुन्हा मुलगीच’ हा टोमणा, अशी एक वा अनेक कारणे त्यामागे असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात 2017 साली आलेल्या आढाव्यात भारतातील 38 अभ्यास एकत्र केले असता बाळंतिणींतील या आजाराचे प्रमाण सुमारे 22 टक्के निघाले. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी हा आजार बरा होतो. अंगावर पाजतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतील अशी औषधे आहेत. भास होणे, असंबद्ध बोलणे हे मात्र वेगळे आणि क्वचित. त्यात त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. नेमकी त्या शेवटच्या भेटीच्या सुमारास मुलगी माहेरून सासरी परतते, आणि आपल्या सोलापुरात अनेकींपुढे पुन्हा विड्या वळायचे सूप येते. कौतुक संपते, काम सुरू होते. याच वेळी दीड महिन्याच्या लशीसाठी ती बाळाला घेऊन आरोग्य केंद्रात येतेच. तिथे बाळाचे वजन होते, आईला मात्र कोणी काही विचारले नाही, निदान आमच्या वेळी तरी नाही.

एडिनबरो येथे 1987 साली तयार झालेली, हे नैराश्य ओळखण्यासाठीची दहा प्रश्नांची चाचणी पाच-दहा मिनिटांत होते. ती गेल्या सात दिवसांविषयी विचारते, आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा असल्याने त्याचे उत्तर ‘होय’ आले, तर बाकीचे गुण न पाहता तिला लगेच डॉक्टरांकडे न्यायला हवे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांनी लशीच्या दिवशी ही चाचणी घ्यावी, आपल्या शहरात ती तेलुगू आणि कन्नडमध्येही असावी, आणि प्रश्न विचारताना सासूला बाहेर बसवावे. हे मी सासू असूनच लिहीत आहे. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांकही बाळंतिणीच्या माता-बाल संरक्षण कार्डावर तेव्हाच लिहून द्यावा.

आपली,
एक वाचक, सोलापूर