फायरमनकाकांना, फेअरी क्वीनबद्दल

ती. काकांना सप्रेम नमस्कार,

मुलांच्या अंकातला फेअरी क्वीन या जुन्या वाफेच्या इंजिनावरचा लेख छापून आला. त्यात वाचण्यासारखं जे आहे ते तुमचं, वाफेच्या इंजिनाच्या आगीत कोळसा मारलेल्या फायरमनचं, म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालू नकोस म्हणालात, ते पाळते.

माझ्याकडे होती ती नुसती सनावळी. १८५५ मध्ये लीड्सच्या किटसन, थॉम्पसन अँड ह्युइटसन कारखान्यात बांधणी, त्याच वर्षी कलकत्त्यात आगमन, ईस्ट इंडियन रेल्वेचा २२ नंबर. हावडा–राणीगंज मार्गावर हलकी टपालगाडी, १८५७ च्या धामधुमीत सैनिकांची ने-आण, मग बिहारमध्ये लोहमार्गाच्या बांधकामावर १९०९ पर्यंत. टपालाचं इंजिन बांधकामावर का गेलं असेल, हा प्रश्नच मला पडला नव्हता.

तुम्ही फोटोवर बोट ठेवून चाकं मोजलीत. पुढची दोन आणि मागची दोन नुसती भार वाहणारी, जोर लावणारी मधली दोनच. ती सहा फूट व्यासाची, म्हणजे हलक्या डब्यांना वेग चांगला, पण जड गाडी जोडली की रुळावरची पकड सुटणार, पावसात तर चाकं जागच्या जागी गरगर फिरणार. भुसावळला ज्या डब्ल्यूजी जातीच्या इंजिनात तुम्ही कोळसा मारलात तिची आठ चाकं दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, म्हणून ती मालगाडी ओढायची. गाड्या वजनदार होत गेल्या तसा दोन चाकांच्या जोरावर चालणाऱ्या इंजिनांचा निभाव लागेना. गंमत म्हणजे 'फेअरी क्वीन' हे नाव मिळालं १८९५ मध्ये, उमेदीची चाळीस वर्षं सरल्यावर!

पण मला सगळ्यात भावलं ते पाण्याचं. इंजेक्टर, म्हणजे वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन, आला १८५८ मध्ये, हे इंजिन त्याआधीचं. तेव्हा बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा पंप इंजिनाच्या चालीवरच चालायचा. गाडी खोळंबली की पाणी बंद, आग मात्र पेटलेलीच. बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेतली पातळी उतरायला लागली की डबे सोडून इंजिन मागेपुढे पळवायचं, केवळ पाण्यासाठी. पाणी उतरून फायरबॉक्सचं, म्हणजे आगीच्या पेटीचं, छत उघडं पडलं तर काय होतं ते तुम्ही इतकं रंगवून सांगायला लागलात की काकू म्हणाल्या, "जेवताना हे नको."

इंजिनाच्या निवृत्तीनंतरचं तुम्ही झटक्यात उरकलंत. हावडा स्टेशनवर मांडून ठेवलं ते फुकट, १९४३ मध्ये चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत शिकाऊ पोरांसमोर गेलं ते बरं, असा तुमचा निकाल. मला तो पटला. १९९७ मध्ये ती दिल्ली–अलवर पुन्हा धावली, जगातलं नियमित धावणारं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनीजमध्ये गेली, याचं तुम्हाला फारसं कौतुक दिसलं नाही. २०११ मध्ये तिचे सुटे भाग चोरीला गेले हे ऐकल्यावर मात्र तुम्ही कुठले भाग, कुणी बसवले, सगळं खोदून विचारलंत. पेरांबूरच्या कारखान्यात तिची दुरुस्ती झाली, एवढंच मला सांगता आलं.

अंकाच्या दोन प्रती सोबत आहेत. पुढच्या अंकासाठी आग कशी बांधायची ते पुन्हा एकदा सांगा, कोळसा आधी कोपऱ्यांत का मारायचा तेही. चित्रं काढणारी आमची मुलगी या वेळी बरोबर येईल. तिला फावडं धरून दाखवा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
अंकवाली