चौथं वचन

आदरणीय मास्तर,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

असं चारचौघांत पत्र लिहिलं म्हणून तुम्ही रागवाल, ठाऊक आहे. पण समोर बसून हे बोलायला गेलो असतो तर "बरं बरं, चहा टाक" म्हणून तुम्ही विषयच मोडला असता.

दोन वर्षांपूर्वीची ऑगस्टमधली रात्र. थोरला तेव्हा सोळाचा. क्लासला जातो सांगून सावेडीतल्या एका ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जायचा. आपल्या चर्चच्या मंडळीतल्याच एकाने मला ही बातमी दिली आणि खरं सांगू, बातमीपेक्षा ती देणाऱ्याच्या आवाजातली गोडी मला जास्त झोंबली. डीकनचा, म्हणजे चर्चच्या सेवकाचा, पोरगा गणपतीपुढे ढोल बडवणार! घरी आलो, त्याच्या दप्तरातून ढोल वाजवायचं टिपरू काढलं, उंबऱ्यावर टेकवलं आणि पाय देऊन मोडलं. मग शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "मुलांनो, प्रभूमध्ये तुम्ही आपल्या आईबापांच्या आज्ञेत राहा." पहिलं वचन, दुसरं, तिसरं. तिथे थांबलो. आमचे वडीलही तिथेच थांबायचे. आमच्या घरात इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय तीन वचनांचाच होता, आणि तो संपला की पट्टा निघायचा.

मी पट्टा काढला नाही, एवढंच. पोराने चपला घातल्या आणि निघून गेला.

दहाच्या सुमारास तुम्ही त्याला एका छत्रीत घेऊन आलात. तुमचा डावा खांदा भिजला होता, त्याचा एकही नाही. तो आत गेला, तुम्ही खुर्चीत बसलात. शास्त्र अजून उघडंच होतं. तुम्ही चष्मा पुसला, अंगठा पानावर ठेवला आणि म्हणालात, "कुठपर्यंत वाचलंस?" मी म्हटलं, तिसऱ्यापर्यंत. "मग पुढे वाच की."

"बापांनो, तुम्हीही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका…"

हे वचन मी शेकडो वेळा ऐकलं असेल. पण स्वतःच्या तोंडून, उंबऱ्याशी टिपराचे दोन तुकडे पडलेले असताना, पहिल्यांदाच. 'चिरडीस' म्हणताना जीभ अडखळली. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मीच वाद घातला. जुन्या करारातल्या एली या याजकाचं, म्हणजे पुरोहिताचं, उदाहरण काढलं. एलीने पोरांना आवरलं नाही, म्हणून त्याच्या घराण्यावर न्याय आला की नाही? तुम्ही हसलात. "अरे, एलीची पोरं याजक होती आणि देवाच्या अर्पणातलं मांस दमदाटी करून पळवत होती. तुझा ढोल वाजवतोय. आणि एलीने निदान 'असं का करता?' एवढं तरी विचारलं. तू तर विचारलंसुद्धा नाहीस."

मग जे म्हणालात ते मी डायरीत लिहून ठेवलंय. "मूर्तीपुढे हात जोडायचे की नाही, हा प्रश्न त्याला एक दिवस पडेलच. त्या दिवशी त्याने तुझ्याकडे यायला हवं ना? आज तो माझ्याकडे आला."

आपल्याकडे बापाला कुटुंबाचा मस्तक म्हणतात. लग्नाच्या उपासनेत 'पती पत्नीचे मस्तक आहे' हे वचन मोठ्या आवाजात वाचलं जातं, आणि त्याच्या आधीचं, 'एकमेकांच्या अधीन असा' हे, बहुतेकांच्या लक्षातही नसतं. पाळकांनाही मी हे एकदा बोललो. ते फक्त मान हलवून हसले.

जाताना तुम्ही कवी टिळकांचा विषय काढलात, तेव्हा मला तो आडवळणाचा वाटला होता. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या माणसांत राहिल्या. पुढे त्या ख्रिस्ताकडे आल्या त्या नवऱ्याच्या हुकमाने नव्हे, काही वर्षांनी, स्वतःच्या मनाने. "एवढ्या मोठ्या कवीला वाट पाहावी लागली, तुला दोन महिने धीर निघेना?" असं म्हणालात. आणि मग हळूच, दारात उभं राहून, तुमच्या पुण्याच्या मुलाचं सांगितलंत. तो फक्त नाताळला फोन करतो, हे मंडळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. "मी चौथं वचन फार उशिरा वाचलं," एवढंच बोललात. त्याबद्दल इथे आणखी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवं टिपरू आणलं. द्यायला मात्र धीर होईना. चार दिवस ते स्कूटरच्या डिकीत होतं. पाचव्या दिवशी सरावाच्या मैदानावर गेलो आणि भिंतीकडेला उभा राहिलो. थोरल्याने मला लांबूनच पाहिलं आणि त्याचा ठेका चुकला. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप लांबून मुलाला पाहतो आणि धावत सुटतो. मला काही धावता आलं नाही. पाण्याची बाटली पुढे केली, बस्स.

त्या गणपतीत तो मिरवणुकीत वाजवायला गेला. पुढच्या वर्षी गेला नाही. का, ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. दृढीकरणाच्या वर्गाला, म्हणजे चर्चचा पूर्ण सभासद होण्याआधीच्या शिकवणीला, अजून बसलेला नाही. उपासनेला कधी येतो, कधी दांडी मारतो. पण घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत आता पाळी लावून वाचन होतं, त्याच्या आईचीही पाळी असते, आणि माझ्या उच्चाराच्या चुका काढण्यात त्याला भारी आनंद मिळतो. परवा जेवताना त्याने मला विचारलं, "पप्पा, तुम्हाला कधी शंका आली होती का?" माझा घास हातातच राहिला. "आली होती" म्हटलं. साडेअकरापर्यंत बोलत बसलो. माझे वडील जाईपर्यंत मी त्यांना असं काही विचारलं नव्हतं.

त्या रात्री तुम्ही विसरलेली छत्री अजून आमच्या दारामागे आहे. रविवारी चर्चमध्ये देईन म्हणत होतो, तर थोरला म्हणतो, "नको, मीच मास्तरांच्या घरी नेऊन देतो." त्याला चहा द्या, साखर जरा जास्त लागते.

तुमचा,
मंडळीतला एक बाप