'मागचे पंख दिसत नाहीत' असे कळवणाऱ्या अभ्यासकांस आभारपत्र

आदरणीय महोदय,
सादर नमस्कार.

मी पाठवलेल्या पतंगाच्या पहिल्याच छायाचित्रावर आपण "मागचे पंख दिसत नाहीत, म्हणून जाती सांगता येत नाही" एवढेच कळवलेत, तेव्हा मी मनातून खट्टू झालो होतो, हे आज मोकळेपणाने सांगतो. पतंग वाळक्या पानासारखा बसला होता, त्याचे पुढचे पंख चित्राशी जुळत होते आणि मला तेवढा पुरावा पुरेसा वाटत होता.

युडोसिमा या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) तो पुरेसा का नसतो, हे पुढे आपण फार संयमाने समजावलेत. सोंडेने फळाला भोक पाडून रस शोषणारे हे पतंग विसावताना आपले नारिंगी मागचे पंख झाकून घेतात, आणि फॅलोनिया व मॅटर्ना या जातींमधला ठळक फरक नेमका तिथेच असतो: फॅलोनियाच्या मागच्या पंखावर स्वल्पविरामासारखी वळलेली काळी खूण, तर मॅटर्नाच्या पंखावर गोल काळा ठिपका. त्यात फॅलोनियाच्या नराचे आणि मादीचे पुढचे पंखही वेगवेगळे दिसतात. मी तर त्या दोघांची दोन स्वतंत्र जाती म्हणून नोंद केली होती. आपण ती न हसता दुरुस्त केलीत.

ॲटलास पतंगाच्या वेळी मात्र आपण पंखांआधी ठिकाण विचारलेत. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत आढळणारा ॲटॅकस टॅप्रोबॅनिस हा ॲटलास पतंगाचा, म्हणजे ॲटॅकस ॲटलासचा, इतका जवळचा नातलग आहे आणि म्हणून ठिकाणही पाहावे लागते, हे मला ठाऊकच नव्हते.

जिथे पंख आणि ठिकाण दोन्ही अपुरे पडतात, तिथे जाती ओळखण्यासाठी मृत नमुन्याच्या उदराचे टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात ठेवून जननेंद्रियांचे कठीण भाग कसे मोकळे करतात, हेही आपण स्वतः करून दाखवलेत. डीएनए बारकोडबद्दलचा, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या क्रमावरून जाती ओळखण्याबद्दलचा, माझा भाबडा उत्साह आपण मोडला नाहीत; फक्त एवढेच म्हणालात, की ज्या नमुन्याशी क्रम ताडून पाहायचा, त्याचीच ओळख चुकलेली असेल तर उत्तरही चुकते.

गेल्या आठवड्यात मी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्या पहिल्या छायाचित्राखाली आता 'युडोसिमा, जाती अनिश्चित' असे लिहिले आहे.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी