काकू, तुमच्यामुळे गॉर्डन हॉलचं पान मिळालं

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून आता चारचौघांसमोर लिहितो आहे. इथे तुम्हाला मला मध्येच थांबवता येणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मी नगरचा. आजोबा इथल्याच एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवताना त्यांना बघत मोठा झालो. मराठी छपाईच्या सुरुवातीच्या काळाची माहिती जमेल तशी गोळा करतो. त्यात मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्याचं नाव सारखं येतं. त्या मिशनचा पाया घालणाऱ्यांपैकी एक गॉर्डन हॉल. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ कोपऱ्यातल्या विल्यम्स कॉलेजातून तो 1808 साली पदवीधर झाला. कॉलेज 1793 चं, आणि आजही तिथे विद्यार्थी जेमतेम दोन हजार. तुम्ही त्या गावापासून तासाभरावर राहता हे मावसबहिणीकडून कळलं, आणि ओळख ना पाळख, मी तुम्हाला मेसेज टाकला. तुम्ही पुढच्याच आठवड्यात गाडी काढलीत.

कॉलेजच्या मिशन पार्कमधल्या स्मारकाचे तुम्ही पाठवलेले फोटो मी अजून मोठे करकरून बघतो. संगमरवरी खांब, वर पृथ्वीचा गोल. 1806 च्या उन्हाळ्यात या कॉलेजचे पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेला जमले होते. वादळ आलं तेव्हा ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि धर्मप्रसारासाठी आशियात जायचं असं तिथे बोलणं झालं. त्यातून 1810 मध्ये परदेशी मिशनांचं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं; मुंबईचं मिशन याच बोर्डाचं. 1867 साली त्या पाचांची नावं दगडात कोरली गेली. तुम्ही एकेका नावाखाली बोट धरून फोटो काढलात: मिल्स, रिचर्ड्स, रॉबिन्स, लूमिस, ग्रीन. मागोमाग तुमचा आवाज आला, “अरे, तुझा हॉल नाही रे यात!”

हॉल त्या दिवशी गंजीपाशी नव्हता, तो त्या मंडळींत नंतर सामील झाला. म्हणून दगडावर त्याचं नाव नाही. दुसरं कुणी असतं तर तिथूनच घरी गेलं असतं. तुम्ही ग्रंथालयात गेलात, माजी विद्यार्थ्यांची जुनी छापील सूची मागून घेतलीत आणि 1808 च्या तुकडीचं पान काढलंत. फोटोवर दिव्याची तिरीप येत होती, म्हणून तिथे बसून सगळा मजकूर वहीत उतरवलात. तुमच्या त्या गोल अक्षरातल्या कागदाचा फोटो मी छापून टेबलासमोर लावला आहे.

कॉलेजच्या नामवंतांबद्दलही तुम्ही आपणहून खूप काही पाठवलंत. राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड 1856 च्या तुकडीचे. 2 जुलै 1881 रोजी वॉशिंग्टनच्या स्टेशनवर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ते आपल्या याच कॉलेजच्या समारंभाला निघाले होते, हे मला तुमच्याकडूनच कळलं. त्यांचे गुरू मार्क हॉपकिन्स 1836 ते 1872 कॉलेजचे अध्यक्ष होते. लाकडाच्या ओंडक्याच्या एका टोकाला हॉपकिन्स आणि दुसऱ्या टोकाला विद्यार्थी बसला की झालं कॉलेज, अशा अर्थाचं गारफिल्ड यांचं म्हणणं तिकडे अजून सांगितलं जातं. पण मला जास्त भावले ते मार्कचे धाकटे भाऊ, प्राध्यापक आल्बर्ट हॉपकिन्स. उपकरणं आणायला ते इंग्लंडला गेले आणि विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी वेधशाळा बांधली. 1838 मध्ये पूर्ण झालेली ती वेधशाळा अजून उभी आहे. तिच्या दगडी भिंतीचा तुम्ही अगदी जवळून घेतलेला फोटो मी कितीतरी जणांना दाखवला. चित्रपट दिग्दर्शक एलिया कझान, संगीतकार स्टीफन साँडहाइम हेही तिथेच शिकले. शिवाय तिथल्या कलेतिहासाच्या तीन प्राध्यापकांच्या हाताखाली शिकलेली मुलं पुढे अमेरिकेतल्या मोठमोठ्या संग्रहालयांची संचालक झाली.

एवढ्या मोठ्या नावांत हॉल कुठे बसवायचा? माझ्या लेखी मराठी वाचणाऱ्या माणसाने आधी त्याचं नाव घ्यावं. 1813 च्या फेब्रुवारीत तो आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. कंपनी सरकारने त्यांना हाकलायचा हुकूम काढला होता, तरी अर्जविनंत्या करत ते टिकले. हॉल मराठी शिकला. 1817 पासून मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तकं निघू लागली. तिथे टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळ्यांवर मेहनत घेतली, गणपत कृष्णाजी तिथेच छपाई शिकले आणि पुढे निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी पोरवयात तिथेच कामाला लागले. आजोबांच्या हातातला खिळाही याच परंपरेतला. हॉल मात्र 1826 मध्ये नाशिकहून परतताना पटकीने वाटेतच गेला, वय बेचाळिशीच्या आतच.

दुसरा धागा शाळांचा. या मिशनने 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. पुढे याच मिशनच्या सिंथिया फरार नगरला आल्या. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. माझ्या गावच्या या शाळेचा एक धागा तुमच्या शेजारच्या त्या छोट्या कॉलेजापर्यंत पोचतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तुम्ही ते पान उतरवून पाठवलंत तेव्हा ते जिवंत झालं.

ही माणसं धर्मांतर करायला आली होती आणि आपल्या देवाधर्माबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यातलं बरंच मला मान्य नाही. तुम्हीही फोनवर हे स्पष्ट बोललात आणि तरी सूचीतला एक शब्द गाळला नाहीत. तुमच्या या सचोटीला माझा नमस्कार.

हॉलवरचा लेख लिहून होत आला आहे. तुमची परवानगी असेल तर त्यासोबत तुमच्या हस्ताक्षरातलं ते पान छापायचं आहे. डिसेंबरात साताऱ्याला येणार म्हणालात, तर दोन दिवस नगरसाठी काढा. मिशनच्या जुन्या वास्तू दाखवतो, आणि घरी आजोबांची खिळे ठेवायची पेटी आहे, तीही बघाल. गाडी पाठवतो, फक्त तारीख कळवा.

आपला नम्र,
नगरचा तुमचा पुतण्या